डॉक्टरांची भेंडी

डॉ. वामन खांबेटे एकतीस वर्षं स्वादुपिंडातल्या एकाच प्रकारच्या पेशीकडे सूक्ष्मदर्शकातून बघत होते आणि त्या पेशीची त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नव्हती. निवृत्तीला अकरा महिने उरले असताना खारघरच्या त्यांच्या संस्थेत एक परिपत्रक आलं. प्रत्येक शास्त्रज्ञाने समाजमाध्यमांवरून आठवड्यातून किमान दोनदा जनतेशी संवाद साधावा आणि साधल्याचा पुरावा दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत तीन प्रतींत सादर करावा. जनता सापडली नाही तर काय करायचं, यावर परिपत्रकाचं मौन होतं.

वामनराव आज्ञाधारक होते. त्यांनी 'बीटा पेशी : एक परामर्श' हा सातशे शब्दांचा लेख फेसबुकवर टाकला. त्याला चार लाइक आले. एक बायकोचा, एक चुकून त्यांचा स्वतःचाच, एक पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्याचा. चौथा माणूस कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण वामनराव त्याच्याविषयी आदराने बोलत.

मग संस्थेने मनालीला नेमलं. ती पंचवीस वर्षांची होती आणि शास्त्रज्ञांना लोकांपर्यंत पोचवणं हे तिचं काम होतं.

"सर, पहिल्या तीन सेकंदांत पकडलं पाहिजे," ती म्हणाली.

"कोणाला?"

"बघणाऱ्याला, सर. नाहीतर तो अंगठा वर सरकवतो आणि तुम्ही गेलात."

एकतीस वर्षांत वामनरावांना इतक्या थोडक्यात कोणी घालवलं नव्हतं. तरी त्यांनी विषय चांगला निवडला. रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी प्यायलं की मधुमेह जातो आणि इन्सुलिन बंद करता येतं, असा एक समज लोकांत फिरत होता. तो खोडून काढायचा.

इथे वामनरावांचं शिक्षण आडवं आलं. सांगलीच्या कॉलेजात असताना त्यांनी वादविवादाच्या सात ढाली जिंकल्या होत्या. त्यांचे वडील शाळामास्तर. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली नाही तर तुला ती खोडायचा हक्क नाही, असं त्यांनी मुलाला जेवायला वाढतानासुद्धा सांगितलेलं. त्यामुळे वामनरावांनी भेंडीची बाजू आधी घेतली, आणि ती प्रामाणिकपणे घेतली. भेंडीचा तो बुळबुळीत तंतू, आपली आजी, आपली माती, सुयांनी चाळण झालेले दंड, या सगळ्याविषयी ते असे बोलले, की व्हिडिओ काढताना मनालीने मान डोलावली. हे दीड मिनिट चाललं. त्यानंतरची अडीच मिनिटं त्यांनी ती बाजू आकडेवारीने खोडून काढली. आकडेवारी खरी होती, पण आवाज आकडेवारीचाच होता.

सुरुवातीला एक वाक्य होतं : 'प्रथम मी समोरच्याची बाजू मांडतो, ती माझी नव्हे.' मनालीने ते कापलं. तीन सेकंद त्यातच जात होते.

रविवारी दुपारी व्हिडिओ टाकला. संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांनी पाहिला. वामनराव सानपाड्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये चहा घेत समाधानाने म्हणाले, "चला, दोन आकडी झालो."

त्या एकोणिसांत शालन होती. शालन त्यांच्याकडे नऊ वर्षं पोळीभाजी करत होती. माहेर कोरेगाव तालुक्यात, नवरा हौसेराव वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी, घर कोपरखैरण्याला. आपले साहेब फोनमध्ये बोलतात याचा तिला इतका अभिमान वाटला, की तिने तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. स्टेटसला एक मिनिट मावतं. पहिलं मिनिट तेवढं लागलं आणि उरलेलं बाहेर राहिलं. खाली तिने लिहिलं, 'आमचे डॉक्टर सायेब.'

शालनच्या फोनमध्ये अर्धं मार्केट होतं.

सोमवारी सोसायटीच्या वॉचमनने वामनरावांना उठून सलाम ठोकला. मंगळवारी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "देठ काढायचे की ठेवायचे?" बुधवारी नागपूरहून मेहुण्याचा फोन आला, की तुम्ही या वयात आयुर्वेदाकडे वळलात हे ऐकून आनंद झाला. त्या एका मिनिटाला कोणीतरी मागे बासरी लावली होती आणि ते चार लाख लोकांनी पाहिलं होतं.

वामनरावांनी खुलासा केला. तो चौदा मिनिटांचा होता आणि त्रेसष्ट जणांनी पाहिला. संस्थेनेही एक पत्रक काढलं : 'डॉ. खांबेटे यांच्या कथित विधानाशी संस्था सहमत नाही.' त्यावरून लोकांची खात्रीच पटली, की बिचाऱ्याचं तोंड दाबलं जातंय.

गुरुवारी सकाळी शालन कणीक मळता मळता थांबली. वामनरावांची पत्नी नंदिनी ओट्यापाशी उभी होती.

"वैनी, सायेबांना एक इचारू का?"

"विचार ना."

"भेंडीनं साखर उतरायला किती दिस लागत्यात?"

वामनराव पेपर ठेवून आत आले. "शालन, कोण पितंय?"

"आमचं हे. सोमवारपास्नं. सुई बंद केली त्यांनी." ती कणकेकडे बघत म्हणाली, "काल मशीनवर चारशे बारा आलं. पायाच्या बोटाला जखम व्हती ना, ती कडंनं काळी पडाया लागली."

नंदिनीने गॅस बंद केला.

"अगं, मी तसं म्हटलेलंच नाही!" वामनरावांचा आवाज चढला. "मी ते खोटं आहे म्हणून सांगत होतो! पुढचं पाहिलंस ना तू?"

"म्या पायलं. त्यास्नी दावलं बी. त्ये म्हन्त्यात, फुडचं नंतर जोडलंय." तिने डोळे मनगटाने पुसले. "माजंच चुकलं, सायेब. म्या ठेवलं ते. म्या काढलंय आता, पन आता काय."

"तुझं नाही चुकलं," नंदिनी म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. बाकीचं वाक्य तिने डोळ्यांनी पूर्ण केलं.

वामनराव तसेच निघाले. मार्केटात पोचले तेव्हा नऊ वाजले होते आणि गाड्या रिकाम्या होत आल्या होत्या. दुसऱ्याच गाळ्यावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. कोणीतरी व्हिडिओतून काढून, मोठा करून, भेंडीच्या ढिगात काठीला लावला होता. खाली लिहिलं होतं, 'डॉक्टरांची भेंडी'. फोटोत त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते, त्यामुळे ते समाधीत असल्यासारखे वाटत होते.

"हे काढा," ते गाळेवाल्याला म्हणाले.

गाळेवाल्याने आधी फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि एकदम पायांनाच हात लावला. "साहेब, तुम्ही स्वतः! ओ, चहा सांगा रे! साहेब, दोन वर्षांत भेंडीला असा उठाव नव्हता. एक फोटो घेऊ?"

"माझं म्हणणं तसं नव्हतं. भेंडीने मधुमेह जात नाही."

गाळेवाला जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "समजलं साहेब. कंपनीवाल्यांचं प्रेशर आहे. तुम्ही काय टेन्शन घेऊ नका, आमी आहोत."

आसपासच्या पाच-सहा माणसांनी माना हलवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच जनता वामनरावांच्या पाठीशी उभी राहिली होती आणि तिला बाजूला कसं सारायचं हे त्यांना कळेना.

हौसेराव दोन गाळे सोडून कांद्याच्या गोण्यांवर बसले होते. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, डोक्याला टॉवेल. उजव्या पायात चप्पल नव्हती, अंगठ्याशेजारच्या बोटाला फडकं बांधलेलं. शेजारी पाण्याची बाटली, आणि बाटलीत उभ्या चिरलेल्या भेंड्या तरंगत होत्या. चार दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते.

"या सायेब," ते उठू लागले.

"बसा, बसा. हौसेराव, इन्सुलिन घ्यायचं आजपासून. आत्ता. मी सांगतोय."

"तुमीच तर बंद कराया सांगितलं."

"मी नाही सांगितलं! ते दुसऱ्यांचं म्हणणं होतं. मी आधी त्यांची बाजू मांडली, मग माझी."

हौसेरावांनी यावर विचार केला. "दुसऱ्याची बाजू तुमी कशापायी मांडली?"

"तशी पद्धत आहे."

"आमच्यात न्हाई," हौसेराव म्हणाले. "भांडान असलं की आमी आमचीच मांडतो."

वामनरावांनी त्यांचा हात धरला. हात कोरडा आणि गरम होता. "हौसेराव, पायाचं बोट काळं पडतंय. साखर अशीच राहिली तर बोट जाईल, मग पाय जाईल. पायाशिवाय गोणी उचलणार कशी?"

"त्येच म्हन्तोय म्या. अकरा वर्सं सुई घेतली, तरी बोट काळंच झालं ना? मग सुईनं काय केलं?" त्यांनी बाटलीतून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "आन सायेब, रागावू नका. म्या तुमचं दोनी बगितलं. पयल्यात तुमी कसं बोलताय! डोळ्यांत पानी हाय तुमच्या. फुडं नुस्तं वाचून दावल्यागत. आन आत्ता बगा, तुमचा हात कसा कापतोय. मानूस खरं बोलताना असा घाबरतो व्हय?"

सात ढाली जिंकणाऱ्या माणसाने वाद सोडला.

"दवाखान्यात चला. माझ्याबरोबर. टॅक्सी करतो."

"तिथं सुईच देत्यात."

"मी तुमच्या पाया पडतो."

ते खरंच वाकले. भोवतालची माणसं हळहळली. "बघा, किती छळलंय बिचाऱ्याला," कोणीतरी म्हणालं, आणि कोणीतरी त्याचाही व्हिडिओ काढला.

शुक्रवारी सकाळी शालन कामाला आली नाही, तिचा फोन आला. साखर चारशे अठ्ठ्याहत्तर. हौसेराव रात्री तीनदा ओकले होते. पाणी पाणी करत होते, आणि पाणी म्हणून भेंडीचंच पीत होते.

वामनराव आरामखुर्चीत बसून राहिले. रक्तात साखर साचली की पुढे काय होतं, कोणत्या क्रमाने होतं, कुठला रेणू कुठे जातो, हे त्यांच्याइतकं नेमकं नवी मुंबईत फार थोड्यांना माहीत होतं. त्या ज्ञानाचा त्यांना त्या क्षणी एवढाच उपयोग होता, की कोपरखैरण्यात काय चाललंय हे त्यांना दर तासाला डोळ्यांसमोर दिसत होतं.

"अहो," नंदिनी म्हणाली, "त्याचा तुमच्यावर विश्वास आहे ना?"

"माझ्यावर नाही. त्या व्हिडिओतल्यावर."

"मग त्यालाच सांगू दे."

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदवी संस्कृतची घेतली होती आणि शास्त्रात ती कधी बोलत नसे.

"म्हणजे खोटं सांगू?"

"मला काय विचारता? शास्त्रज्ञ तुम्ही."

ते अर्धा तास घरात फिरले. मग खिडकीपाशी उभे राहिले, नंदिनीने फोन धरला, आणि डॉ. वामन खांबेटे कुठलीही दुसरी बाजू न मांडता बोलले. "मित्रहो, एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. भेंडीचं पाणी एकटं घेतलं तर वाया जातं. ते कामाला लागायचं तर आधी अंगात इन्सुलिन हवं. आधी इंजेक्शन, मग वीस मिनिटांनी भेंडी. हा क्रम चुकवू नका. चुकवला तर भेंडी उलटते." एकेचाळीस सेकंद. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मुद्दाम आणलेलं नव्हतं.

त्यांनी तो शालनच्या फोनवर पाठवला. दहा मिनिटांनी तिचा फोन आला.

"सायेब, बगितला. बोलताय झ्याक म्हन्ले. पन…"

"पण काय?"

फोन हौसेरावांनी घेतला. आवाज खोल गेला होता. "सायेब, ह्यो येवडा मलाच का धाडला?"

"तुमच्यासाठीच केलाय."

"तसं नगं. मला येकट्याला गप बसवाया काय बी सांगाल तुमी, बायकूनं रडून सांगितलं म्हनून. खरं असंल तर चारचौघांत बोला. तिकडं टाका, जिथं पयला टाकला. समद्यांनी बगू दे. मग म्या घेतो सुई."

"हौसेराव, माझी नोकरी…"

"मंग राहू द्या," हौसेराव सौम्यपणे म्हणाले. "म्या समजतो."

वामनरावांनी फोन ठेवला. टेबलावर त्यांचे एकशे चार शोधनिबंध बांधून ठेवलेले होते. त्यांतल्या एका आलेखातला एक बिंदू चुकीच्या जागी पडला होता, तर त्यांनी तीन आठवडे झोप सोडून तो शोधला होता आणि जाहीर दुरुस्ती छापली होती. त्यांना त्या बिंदूची आठवण झाली. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने तो व्हिडिओ सगळ्या जनतेसाठी टाकला.

बारा वाजून सात मिनिटांनी शालनचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे आधी काही कळलं नाही. मग कळलं. "घेतली. घेतली, सायेब. आता इस मिन्टं मोजत बसलेत घड्याळ लावून."

संध्याकाळी ते दवाखान्यातही गेले, कारण वामनरावांनी फोनवर सांगितलं, की भेंडी दवाखान्यातल्या सलाइनबरोबर फार चांगली लागू पडते. एकदा खाली उतरल्यावर पायऱ्या मोजण्यात अर्थ नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं आणि म्हणाल्या, तीन आठवडे साखर ताब्यात ठेवा, एकही इंजेक्शन चुकवू नका, मग बोटाचं ठरवू. पाय बहुतेक वाचेल.

शनिवारी दुपारी मनालीचा फोन आला. "सर, हे काय केलंत? पहिला तरी कापलेला होता, हा तर पूर्ण आहे! तुम्ही स्वतः बोलताय!"

"किती लोकांनी पाहिला?"

"सात लाख. सर, संचालक म्हणतायत आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर सोमवारी चौकशी लावतो."

"तीन आठवडे काढता येणार नाही."

"का?"

"एक माणूस रोज तो बघून इंजेक्शन घेतोय."

"एक माणूस?" मनाली थांबली. "सर, एका माणसासाठी?"

"मला माहीत असलेला एक," वामनराव म्हणाले. त्यांना ते वाक्य बरं वाटलं. असेच आणखी शंभर-दोनशे लोक भेंडीच्या मोहाने पुन्हा सुईकडे वळले असतील, असंही त्यांच्या मनात आलं, आणि चार दिवसांनी पहिल्यांदाच ते पोटभर जेवले.

जेवून झाल्यावर त्यांनी व्हिडिओखालचे अभिप्राय वाचायला घेतले. हात जोडलेली चित्रं होती, 'जय महाराष्ट्र' होतं, एका माणसाने भेंडीचं रोप कुरिअरने पाठवायची तयारी दाखवली होती. मग कामोठ्याच्या एका बाईंचा अभिप्राय आला. डीपीला लहान मुलाचा फोटो होता.

'सर, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. आज आमच्याकडे कुठेच भेंडी मिळाली नाही. तुम्ही क्रम चुकवू नका म्हणालात, म्हणून सकाळपासून इंजेक्शन दिलं नाही. भेंडी आली की देऊ ना?'

वामनरावांनी तो दोनदा वाचला. मग खाली सरकवलं. तसाच आणखी एक होता. आणि आणखी एक. भेंडी संपली आहे, काय करू. भेंडीची ॲलर्जी आहे, मग इन्सुलिन सोडू का. उपवास आहे, भेंडी चालत नाही.

"नंदिनी," त्यांनी हाक मारली.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं : 'ताई, भेंडीचा काहीही संबंध नाही, ताबडतोब…' आणि बोट थांबलं. हौसेराव सगळे अभिप्राय वाचत असत. शालननेच सकाळी कौतुकाने सांगितलं होतं, की सुई हातात धरून ते खालचं समदं वाचत्यात, लोकं काय म्हन्त्यात ते बगत्यात, मगच टोचत्यात. इथे खरं लिहिलं तर कोपरखैरण्यातली सुई थांबणार होती. लिहिलं नाही तर कामोठ्यातली.

त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि नुसतं टाकलं, 'ताई, फोन नंबर पाठवा.' खालच्याला तेच. त्याच्या खालच्याला तेच. नंदिनी येऊन शेजारी बसली, तिने वाचलं, काही न बोलता आपला फोन आणला आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. तासाभरात दोनशे अठरा जण झाले, आणि वर नवे येतच होते.

पहिला नंबर कामोठ्याचा आला.

"हॅलो. मी वामन खांबेटे बोलतोय."

"हे रेकॉर्डिंग आहे का?" पलीकडून बाईंनी विचारलं.

"नाही हो. मीच आहे. मुलगा कसा आहे?"

"झोपलाय. सारखं पाणी मागत होता. सर, भेंडी आणायला माणूस गेलाय मार्केटला, येईलच इतक्यात."

"भेंडी राहू द्या. त्याला उठवा आणि इंजेक्शन द्या. आत्ता."

"पण तुम्हीच तर व्हिडिओत…"

"ताई, व्हिडिओत मी खोटं बोललो."

ती बाई विचार करत होती, आणि व्हिडिओतला की फोनवरचा, दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवत होती, हे वामनरावांना फोनमधूनही कळलं. त्यांनी भाषण केलं नाही. त्यांच्याकडे आता एकही मुद्दा नव्हता.

"मी फोन धरून आहे," ते म्हणाले. "तुम्ही द्या. मी कुठे जात नाही."

मग चपलांचा आवाज, आणि फ्रिजचं दार उघडल्याचा. वामनरावांनी डोळे मिटले. शेजारी नंदिनी दुसऱ्या कोणाला तरी सांगत होती, "नाही हो, त्यांची बायको बोलतेय. हो, खरंच खोटं होतं ते."